युनिव्हर्सिटी सिटी नेमकं कुठं? सेंट लुईसला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओपासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय. मुलाला सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालीय, खोली 'युनिव्हर्सिटी सिटी'त मिळतेय, म्हणजे कॅम्पसमध्येच ना? नाशिकच्या सिडकोतल्या एका काकूंनी तर तीनदा विचारलं. काकू, आजचा व्हिडिओ तुमच्यासाठीच.

पटकन सांगते. अमेरिकेत मिसुरी राज्य, मिसिसिपीच्या पश्चिम काठावर सेंट लुईस आणि त्याला पश्चिमेकडून अगदी चिकटून हे गाव. क्षेत्रफळ साधारण 15 चौरस किलोमीटर, 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 35,065. आपल्या नाशिक महापालिकेत 2011 लाच 14,86,053 माणसं होती.

आता जिथं सगळे अडकतात तिथं येऊ. युनिव्हर्सिटी सिटी हे सेंट लुईसचं उपनगर आहे, पण सेंट लुईस शहरात नाही. त्याचा महापौर वेगळा, पोलीस वेगळे, शाळाही वेगळ्या.

आपल्याला हे पटत नाही, कारण आपण उलटं पाहिलंय. 1982 मध्ये नाशिक महापालिका झाली तेव्हा सातपूर, नाशिकरोड सगळे आत आले. पण देवळाली कॅम्प बघा. नाशिकरोडवरून रिक्षात बसलात की कुठं महापालिका संपली आणि कुठं कँटोन्मेंट सुरू झालं ते कळत नाही, तरी कारभार वेगळा. पुढं भगूरची नगरपरिषद आणखी वेगळी. सेंट लुईसभोवती अशी ऐंशीच्या वर गावं आहेत.

मुळात 1876 मध्ये सेंट लुईस शहर स्वतःच्या काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, बाहेर पडलं आणि आपली हद्द कायमची आखून बसलं. ग्रामीण भागाचा खर्च आपण का उचलायचा, हा तेव्हाचा विचार. पुढं शहर वाढलं, घरं हद्दीबाहेर गेली, पण हद्द हलली नाही. बाहेरच्यांनी आपापल्या नगरपालिका काढल्या.

युनिव्हर्सिटी सिटी, म्हणजे 'यू सिटी', त्यातलंच. एडवर्ड गार्डनर लुईस नावाचा मासिकं छापणारा माणूस. विद्यापीठाचं नवं कॅम्पस उभं राहत होतं, त्याच्या जवळच त्यानं जमीन घेतली, मासिकासाठी अष्टकोनी मनोऱ्याची इमारत बांधली आणि 1906 मध्ये गाव अधिकृत झालं. पहिला महापौर तोच. ती इमारत आज सिटी हॉल आहे.

इथं थोडं विषयांतर करते, कारण ही गोष्ट मला फार आवडते. लुईसनं इथं कलाशाळा काढली आणि फ्रान्सहून टॅक्सिल दोआ या पोर्सलीन कलाकाराला आणलं. तिथंच ॲडलेड रोबिनो या बाईंनी 1910 मध्ये पोर्सलीनची एक फुलदाणी कोरली, अंगभर भुंग्यांची नक्षी, साधारण हजार तासांचं काम. भट्टीतून निघाली तर बुडाशी तडे! बाईंनी पोर्सलीनची पूड करून तडे भरले, पुन्हा भट्टीत घातली आणि फुलदाणी सलग बाहेर आली. एवढ्याशा गावात हे घडलं, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

आता पुन्हा हद्दीकडे. डेलमार रस्त्यावर 'द लूप' म्हणून बाजार आहे, हॉटेलं, दुकानं, मुलं तिथंच फिरतात. त्याचा पश्चिमेचा भाग यू सिटीत, पूर्वेचा सेंट लुईस शहरात. एकाच रस्त्यावर, चालता चालता नगरपालिका बदलते! आणि पत्त्यावर मात्र दोन्हीकडे बहुतेक वेळा 'सेंट लुईस' असंच लिहिलेलं असतं. म्हणून पत्ता वाचून ठरवू नका, नकाशावर हद्द बघा. फरक पैशातही पडतो: सेंट लुईस शहरात राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्याच्या कमाईवर 1 टक्का वेगळा कर आहे. मेडिकल कॅम्पस शहरात येतं, मुख्य कॅम्पस बहुतांश शहराबाहेर. आणि काकू, मुख्य कॅम्पसचा बराचसा भाग यू सिटीतही नाही, शेजारी आहे. नावावर जाऊ नका.

एका दादांनी लिहिलंय, "1960 ला तिथं 51 हजार लोक होते, आता 35 हजार, म्हणजे गाव ओसाड पडलं." नाही हो दादा. काही गोरी कुटुंबं पुढच्या उपनगरांत गेली हे खरं, कृष्णवर्णीय कुटुंबं आली, आज दोन्ही समाज मोठ्या संख्येनं तिथं आहेत. पण घरटी माणसंही कमी झाली. ज्या घरात पूर्वी सहाजण राहायचे तिथं आता दोघं राहतात. आपल्या कॉलेज रोडच्या जुन्या बंगल्यांत हेच दिसतं. तेवढ्यावरून गाव ओसाड म्हणणं मला पटत नाही.

शेवटचं, आणि हे पालकांनी नीट ऐका. गावातून रिव्हर दे पेर नावाची छोटी नदी जाते. एरवी आपल्या नासर्डीसारखी, कुणी लक्षही देत नाही. 26 जुलै 2022 ला पाऊस कोसळला आणि तिचं पाणी घरांत शिरलं. तिथं बेसमेंटच्या खोल्या स्वस्तात मिळतात आणि मुलं फोटो बघून लगेच हो म्हणतात. घरमालकाला आधी विचारा: 2022 ला पाणी आलं होतं का? खोली कितव्या मजल्यावर आहे? हे लेखी घ्या, मगच डिपॉझिट पाठवा. कमेंटमध्ये रस्त्याचं नाव टाकलंत तर तो हद्दीच्या कुठल्या बाजूला येतो ते मी बघून सांगते. घर नंबर मात्र टाकू नका.