पडलेल्यांचा प्रश्न : कार्थेजच्या ख्रिस्ती मंडळीतला एक जुना वाद

मित्रहो, आद्य ख्रिस्ती धर्मातले वाद म्हटले की बहुतेकांना ३२५ सालची नायसियाची परिषद आठवते. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा, की पित्याने निर्माण केलेला, हा एरियसने उभा केलेला प्रश्न मोठाच आहे. पण त्याच्या पाऊणशे वर्षं आधी उत्तर आफ्रिकेत, कार्थेज शहरात, दुसराच एक वाद पेटला होता आणि तो घराघरांत शिरला होता. छळाच्या वेळी ज्यांनी कच खाल्ली, त्यांना मंडळीत परत घ्यायचं का? घ्यायचं तर कोणत्या अटींवर, आणि ते ठरवायचं कोणी? मला ठामपणे असं वाटतं, की चर्च ही कशा प्रकारची संस्था असणार हे नायसियाच्या बरंच आधी, या वादात ठरलं.

सुरुवात एका कागदापासून करू. इजिप्तच्या फायूम भागात एक पपायरस सापडला. त्यावर २६ जून २५० ही तारीख येते. अर्जदार आहे ऑरेलियस डायोजेनिस, साताबूसचा मुलगा, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. बळी देण्यावर देखरेख ठेवणाऱ्या गावच्या समितीला तो लिहितो : मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आताही तुमच्या समक्ष आज्ञेप्रमाणे बळी दिला, तर्पण केलं, प्रसादाचं मांस खाल्लं, तरी तसा दाखला द्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले आजवर मिळाले आहेत. त्यांतला एक आहे आर्सिनोई नगरातल्या ऑरेलिया अम्मोनूस या बाईचा. ही तर मगररूपी देव पेटेसूखोसची पुजारीण! जिचं अवघं आयुष्य देवळात गेलं, तिलाही ‘मी देवांना मानते’ असं लिहून द्यावं लागलं.

यावरून सम्राट डेसियसचा हुकूम कसा होता ते कळतं. तो २४९ साली गादीवर आला, तेव्हा साम्राज्याची सरहद्द डळमळत होती. देवांचा कोप शांत करायचा तर सगळ्या प्रजेने बळी द्यायला हवा, असा त्याचा हिशेब दिसतो. हाती आलेल्या दाखल्यांत ख्रिस्ती लोकांचं नावसुद्धा नाही. २१२ साली कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिलं होतं. त्याचं घराण्याचं नाव ऑरेलियस. म्हणून डायोजेनिसही ऑरेलियस आणि ती पुजारीणही ऑरेलिया. आता सगळेच नागरिक, म्हणून हुकूमही सगळ्यांना. त्याआधीचे छळ स्थानिक असत. कुठे जमाव खवळला, कुठे एखादा सुभेदार कडक निघाला, की चारदोन माणसं पकडली जात. कार्थेजमध्येच २०३ साली पर्पेतुआ आणि फेलिसितास रक्तसाक्षी झाल्या होत्या, म्हणजे श्रद्धेसाठी त्यांनी मरण पत्करलं होतं. आता मात्र प्रत्येक कुटुंबावर वेळ आली.

आणि मंडळी कोसळली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने ते जसं घडलं तसं लिहून ठेवलं आहे. कोणी पकडायला येण्याआधीच लोक चौकात धावले. बळीचं जनावर घरूनच घेऊन आले. दिवस मावळायला आला तेव्हा अधिकारी म्हणाले, आता उद्या या. तर लोक विनवण्या करू लागले, आजच उरकून घ्या. हे वाचताना मला त्या लोकांचा राग येत नाही. घर होतं, मुलंबाळं होती, धंदा होता. आधीची कित्येक वर्षं बरीच शांततेची गेली होती आणि मंडळी वाढली होती. अनेकांनी छळाच्या गोष्टी फक्त ऐकलेल्या होत्या.

पडणाऱ्यांचेही प्रकार होते. कोणी बळी दिला, कोणी चिमूटभर धूप टाकून सुटका करून घेतली, तर कोणी अधिकाऱ्याचा हात ओला करून नुसता दाखला मिळवला, बळी दिलाच नाही. बोना नावाच्या बाईला तिच्या नवऱ्याने ओढत वेदीपाशी नेलं. लोकांनी तिचे हात धरून तिच्याकडून बळी देववला. ती ओरडत राहिली : ‘हे मी केलं नाही, तुम्ही केलंत!’ तिला हद्दपारीची शिक्षा झाली. आता बोनाला पडलेली म्हणायचं का? बिशपांमध्ये तिच्याविषयी खरोखर पत्रव्यवहार झाला आणि तिला मंडळीबाहेर मानू नये असं ठरलं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण तत्त्व ठरवायला बसलेली माणसं एकेका माणसाची हकिकत ऐकून घेत होती.

सिप्रियनची स्वतःची बाजूही सोपी नव्हती. तो वक्तृत्वकलेत नाव कमावलेला, सुखवस्तू माणूस. बाप्तिस्मा घेऊन दोनतीन वर्षं होतात न होतात तोच बिशप झाला, त्यामुळे काही जुने धर्मगुरू आधीपासून नाराज. छळ सुरू होताच तो लपून बसला आणि तिथून पत्रांनी कारभार पाहू लागला. तिकडे रोमचा बिशप फेबियन २० जानेवारी २५० रोजी रक्तसाक्षी झालेला. रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजला लिहिलेल्या पत्रात, कळप सोडून पळणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टांत येतो. रोख कोणावर होता हे उघड आहे. सिप्रियनचं उत्तर असं, की मी राहिलो असतो तर माझ्यापायी दंगे झाले असते आणि सगळी मंडळी संकटात आली असती. पुढे त्याने जे केलं ते पाहता मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

खरा पेच तुरुंगातून आला. जे लोक छळ सोसून ठाम राहिले, त्यांना मंडळीत अपार मान होता. यांची प्रार्थना देव ऐकतो, ही साध्या लोकांची श्रद्धा होती. मग पडलेले लोक तुरुंगाच्या दारात जाऊ लागले आणि हे साक्षीदार त्यांना क्षमेच्या चिठ्ठ्या देऊ लागले. ल्युसियन नावाचा कैदी तर मरण पावलेल्या सोबत्याच्या नावानेही चिठ्ठ्या देई. काहींवर नुसतं ‘अमक्याला त्याच्या माणसांसह प्रभुभोजनात (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीत) घ्यावं’ एवढंच लिहिलेलं असे. सिप्रियन वैतागून विचारतो, त्याची माणसं म्हणजे किती? वीस, तीस की त्याहून जास्त? चिठ्ठ्या आल्या की काही धर्मगुरू लगेच प्रभुभोजन देत, ना पश्चात्तापाचा काळ, ना बिशपची संमती.

या चिठ्ठ्यांमागची करुणा मात्र खरी होती. रोममध्ये सेलेरिनस नावाच्या तरुणाने तुरुंगवास भोगला होता, पण त्याची बहीण पडली होती. त्याने ल्युसियनला पत्र लिहून तिच्यासाठी क्षमा मागितली. मी तिच्यासाठी रात्रंदिवस रडतो, असं त्यात आहे. तिने आणि तिच्यासारख्या पडलेल्या बायांनी आता काय चालवलंय तेही त्याने कळवलं : कार्थेजहून परागंदा होऊन आलेल्या ६५ जणांना बंदरावरून घरी आणून त्या त्यांचं सगळं करत होत्या. अशा बाईला काय सांगायचं?

२५१ साली डेसियस गॉथ टोळ्यांशी लढताना मारला गेला. सिप्रियन परतला आणि आफ्रिकेच्या बिशपांची परिषद भरली. निर्णय असा झाला : ज्यांनी फक्त दाखला घेतला, त्यांची एकेकाची चौकशी करून त्यांना परत घ्यावं. ज्यांनी बळी दिला, त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावं, आणि मरणाच्या दारात असले तर त्यांना क्षमा द्यावी. पुढे नवा छळ येणार अशी चिन्हं दिसली, तेव्हा प्रायश्चित्त करत असलेल्या सगळ्यांनाच आत घेण्यात आलं. जखमी शिपायाला हत्यार न देता रणात कसं पाठवायचं, हा सिप्रियनचा विचार. तुरुंगातल्या साक्षीदारांचा मान राहिला, पण दार उघडण्याचा अधिकार बिशपकडे आला. संस्थेच्या इतिहासात ही फार दूरगामी गोष्ट आहे.

रोममध्ये नोव्हेशियनला हे पटलं नाही. हा माणूस अडाणी किंवा वेडगळ नव्हता. त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या एकत्वावर, त्याने लॅटिनमध्ये लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो. त्याचं म्हणणं, देवाने क्षमा केली तर करो, पण देवाला नाकारणाऱ्याला क्षमा करण्याचा अधिकार मंडळीला नाही. कॉर्नेलियस बिशप झाल्यावर नोव्हेशियनने स्वतःला विरोधी बिशप म्हणून नेमवून घेतलं आणि त्याची वेगळी मंडळी पुढे शतकानुशतकं टिकली. चर्चचा इतिहास लिहिणारा सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हे) सांगतो, की नायसियाच्या वेळी त्या पंथाच्या एसेसियस बिशपचं म्हणणं ऐकून सम्राट कॉन्स्टंटाइन त्याला म्हणाला : ‘एसेसियस, शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ.’

सिप्रियन स्वतः मात्र एका बाबतीत कडक राहिला. फुटीर मंडळीत झालेला बाप्तिस्मा तो मानत नसे. तिथून येणाऱ्याला नव्याने बाप्तिस्मा द्यावा, असं त्याचं मत. रोमचा बिशप स्टीफन म्हणे, हात ठेवून आत घेणं पुरेसं आहे. १ सप्टेंबर २५६ च्या परिषदेत ८७ आफ्रिकी बिशपांची मतं सिप्रियनच्या बाजूने नोंदली गेली. हा वाद मिटायच्या आत सम्राट व्हॅलेरियनचा छळ आला. या वेळी सिप्रियन पळाला नाही. १४ सप्टेंबर २५८ रोजी सुभेदाराने शिक्षा वाचली, तेव्हा तो ‘देवाचे आभार’ एवढंच म्हणाला, आणि शिरच्छेद करणाऱ्याला २५ सोन्याची नाणी द्यायला त्याने आपल्या माणसांना सांगितलं.

आता पन्नासेक वर्षं पुढे येऊ. ३०३ साली सम्राट डायोक्लेशियनचा हुकूम निघाला : प्रार्थनास्थळं पाडा, पवित्र शास्त्राच्या पोथ्या जाळा. १९ मे ३०३ रोजी किर्ता शहरात, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या कॉन्स्टंटिनमध्ये, पडलेल्या छाप्याचा पंचनामा जवळजवळ शब्दशः टिकला आहे. बिशप पॉल बसलेला आहे. जप्तीत सोन्याचे दोन आणि चांदीचे सहा प्याले आहेत. शिवाय बायकांचे ८२ झगे आणि बायकांच्याच पादत्राणांचे ४७ जोड. हे कपडे गरिबांना वाटण्यासाठीच ठेवले असावेत. पोथ्या कुठे, असं विचारल्यावर उत्तर येतं, वाचकांच्या, म्हणजे उपासनेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्यांच्या, घरी. वाचकांचे पत्ते द्या म्हटल्यावर कॅटुलिनस आणि मार्कुक्लियस हे दोघे सेवक म्हणतात : ‘आम्ही फितूर नाही. आम्ही इथे आहोत, आम्हाला मारून टाका.’ त्यांना अटक होते. मग दुसरेच कोणी पत्ते सांगतात आणि अधिकारी घरोघर फिरतात. फेलिक्स नावाचा फरशीवर नक्षी जडवणारा कारागीर पाच पोथ्या देतो. कोडेओ घरी नसतो, त्याची बायको सहा आणून देते. सिल्व्हेनस नावाचा सेवक रांजणामागे सापडला म्हणून चांदीचा दिवा आणि पेटी पुढे करतो.

छळ संपल्यावर हाच प्रश्न धारदार झाला. ज्या बिशपने शास्त्र हवाली केलं, त्याच्या हातून झालेली दीक्षा खरी का? कार्थेजचा नवा बिशप सेसिलियन याला दीक्षा देणारा आप्टुंगाचा फेलिक्स असा दोषी आहे, असा आरोप झाला. शेजारच्या न्युमिडिया प्रांताच्या ७० बिशपांनी सेसिलियनला नाकारून दुसरा बिशप नेमला, आणि त्याच्यानंतर आलेल्या डोनॅटसच्या नावाने पंथ ओळखला जाऊ लागला. पुढे चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला, त्याच्याविरुद्धच्या पुराव्यातलं पत्र बनावट निघालं. उलट डोनॅटसच्याच पक्षाचा किर्ताचा बिशप कोण होता? तोच, रांजणामागचा दिवा देणारा सिल्व्हेनस. ३२० सालच्या खटल्यात तो पंचनामा वाचला गेला तेव्हा ते जगजाहीर झालं.

तरीही डोनॅटसच्या लोकांना ढोंगी म्हणून निकालात काढणं मला अन्यायाचं वाटतं. ज्यांच्या घरची माणसं पोथीसाठी मेली, त्यांना पोथी देऊन सुटलेल्याच्या हातून प्रभुभोजन घेणं कसं जमणार? शिवाय सिप्रियन आमचाच, हा त्यांचा दावा खोटा नव्हता. फुटीरांच्या बाप्तिस्म्याविषयी त्यांनी सिप्रियनचंच मत धरलं होतं. कॉन्स्टंटाइनने सेसिलियनच्या बाजूने निकाल देऊन सैन्य पाठवलं, तरी ते वाकले नाहीत. सम्राटाचा मंडळीशी संबंध काय, हा डोनॅटसचा सवाल आजही बिनतोड आहे.

त्यांना विचाराच्या पातळीवर खरं उत्तर दिलं हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने. तो म्हणाला, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याचा नसतो. देणारा पापी असला तरी दान मलिन होत नाही. जगात गहू आणि निदण एकत्रच वाढणार, निवडानिवड शेवटी देव करील. मला हे पूर्ण पटतं. नाहीतर प्रत्येक आईबापाला आपल्या लेकराला बाप्तिस्मा देणाऱ्याचं अंतःकरण तपासत बसावं लागेल.

४११ च्या जूनमध्ये कार्थेजला दोन्ही पक्षांचे मिळून साडेपाचशेहून जास्त बिशप जमले. डोनॅटसचे लोक दुर्जनांसोबत बसणार नाही म्हणून उभेच राहिले. ऑगस्टिनच्या पक्षाने आधीच लेखी कळवलं होतं : आम्ही हरलो तर पदं सोडू; जिंकलो तर तुम्ही तुमच्या पदासह या, आणि एका गावात दोन बिशप आळीपाळीने बसू. इतकी उदार अट धर्मवादात क्वचितच कोणी देऊ केली असेल. निकाल सम्राटाच्या अधिकाऱ्याने ऑगस्टिनच्या बाजूने दिला आणि ४१२ मध्ये हुकूम निघाला. डोनॅटसच्या पंथात राहणाऱ्याला दर्जानुसार दंड, त्यांची प्रार्थनास्थळं जप्त, बिशप हद्दपार. ज्या ऑगस्टिनने आधी सक्तीला विरोध केला होता, तोच आता शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दृष्टांतातलं ‘त्यांना आत येण्यास भाग पाड’ हे वाक्य सक्तीच्या समर्थनासाठी वापरू लागला. धर्मगुरूचा खून करणाऱ्यांनाही फाशी देऊ नका, अशी पत्रं त्याने त्याच काळात लिहिली, हे खरं. पण परतण्याचं दार दंड लावून उघडायचं नसतं. या एका मुद्द्यावर मी डोनॅटसच्या बाजूने उभा आहे.

४२९ साली वँडल ही जर्मन टोळी आफ्रिकेत उतरली. पुढच्या वर्षी हिप्पोला त्यांचा वेढा पडलेला असतानाच ऑगस्टिन वारला. वँडल एरियसच्या मताचे, म्हणजे पुत्राला पित्याने निर्माण केलं असं मानणारे. त्यांच्या राजवटीत कॅथलिकांवर दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेण्याची सक्ती झाली आणि पुष्कळांनी तो घेतला. त्यांना परत कसं घ्यायचं, यासाठी ४८७ साली रोममध्ये पोप फेलिक्स तिसरे यांनी परिषद बोलावली. दुसरा बाप्तिस्मा घेतलेल्या बिशपांनी आणि धर्मगुरूंनी जन्मभर प्रायश्चित्त करावं आणि प्रभुभोजन त्यांना मरणसमयी, सामान्य विश्वासणाऱ्यासारखं मिळावं, असं तिथे ठरलं.