माझं मन दुसरीकडे होतं

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळची वेळ आहे. तुमच्यापैकी कुणी गॅसवर दूध ठेवून रेडिओ लावला असेल, कुणी दाढी करत असेल, कुणी शाळेच्या डब्यासाठी पोळ्या लाटत असेल. माझा आवाज तुमच्या कानावर पडतोय. पण कानावर पडणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून कुणीतरी विचारेल, "काय सांगत होते हो?" आणि तुम्ही म्हणाल, "कुणास ठाऊक, माझं लक्षच नव्हतं."

मला राग येणार नाही. कारण हे वाक्य तुमचं एकट्याचं नाही, फार जुनं आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात ते जसंच्या तसं सापडतं: "अन्यत्रमना अभूवं नादर्शम्, अन्यत्रमना अभूवं नाश्रौषम्." माझं मन दुसरीकडे होतं, मला दिसलं नाही. माझं मन दुसरीकडे होतं, मला ऐकू आलं नाही. पुढे उपनिषद सांगतं, माणूस मनानेच पाहतो आणि मनानेच ऐकतो. मग एक यादी येते. इच्छा, संकल्प, शंका, श्रद्धा, अश्रद्धा, धीर, अधीरपणा, लाज, बुद्धी, भीती, हे सगळं म्हणजे मनच.

या यादीत मी दर वेळी एका शब्दाशी अडखळतो. श्रद्धा. इच्छा आणि भीती मनाच्या खात्यावर टाकायला आपली हरकत नसते. पण श्रद्धासुद्धा? देवळात डोळे भरून येतात, आरतीला अंगावर काटा येतो, तेव्हा आपल्याला वाटतं, हा आत्म्याचा प्रांत. उपनिषद म्हणतं, नाही, हेही मनच. म्हणजे अध्यात्माच्या वाटेवर जे काही करायचं, ते मनालाच करायचं आहे. आणि हे पटलं की मनाला चोर ठरवून बाहेर उभं करण्याची जी आपली रीत आहे, ती जरा डळमळते.

आपल्या मराठीकडेच बघा ना. मन लागतं, उडतं, रमतं, विटतं, खातं, कच खातं. कुणावर तरी बसतं आणि मग कशावरच बसत नाही. मन मारता येतं, मोडता येतं, राखता येतं, मोठं करता येतं. आत्म्याच्या वाट्याला किती क्रियापदं आली? पोटभर जेवण झालं की आपण ढेकर देऊन म्हणतो, "आत्माराम थंड झाला." आता हा आत्माराम म्हणजे सरळसरळ पोट. तैत्तिरीय उपनिषदसुद्धा आत्म्याची ओळख अन्नमयापासूनच करून द्यायला लागतं, मग प्राणमय, मनोमय असं एकेक पाऊल आत जातं, तेव्हा ऋषींनी याला फारशी हरकत घेतली नसती. दुसरं, "आत्मा तळमळतो" म्हणतो. तिथेही तळमळत असतं ते मन, नाव मात्र आत्म्याचं. एरवी आत्म्याला काही करताना आपल्या भाषेने पाहिलेलं नाही. हे मला फार बरोबर वाटतं. तो काही करतच नाही.

मग त्या दोघांचा संबंध काय? यावर कठोपनिषदातलं रथाचं रूपक तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, आत्मा रथात बसलेला धनी. आता मन कोण? दहा जणांना विचारा, आठ जण सांगतील, "मन म्हणजे उधळलेला घोडा." कठोपनिषदात असं नाही. तिथे घोडे म्हणजे इंद्रियं. मन म्हणजे "प्रग्रह", लगाम. उधळणं हा लगामाचा धर्मच नव्हे. तो एका टोकाला सारथ्याच्या हातात असतो आणि दुसऱ्या टोकाला घोड्याच्या तोंडात. इकडचं तिकडे पोचवणं एवढंच त्याचं काम.

रथ मी पाहिलेला नाही. बैलगाडी मात्र हाकली आहे, एकदाच, नऊ-दहा वर्षांचा असताना, मामाच्या गावी. मामाने कासरा माझ्या हातात दिला आणि तो शेजारी सरकून बसला. मला इतकी भीती वाटत होती की मी कासरा दोन्ही मुठींत गच्च ओढून धरला. बैलांनी माना वर केल्या आणि जागच्या जागी पाय आपटायला लागले. मी आणखी ओढला. गाडी मागे सरायला लागली. मामा म्हणाला, "अरे, कासरा बैलाला वाट सांगायला असतो. तू त्याला लोंबकळतोयस काय? तुझी भीती हातातून उतरून त्यांच्या वेसणीत गेलीय बघ." आणि त्याने माझ्या मुठी सैल केल्या. सोडल्या नाहीत, सैल केल्या. बैल चालू लागले.

त्या गाडीत मागे, भुईमुगाच्या शेंगांच्या पोत्याला टेकून, माझी आजी बसली होती. या सगळ्या गोंधळात ती काही बोलली नाही. तिचं ना कासऱ्याशी देणंघेणं, ना बैलांशी. पण गाडी जुंपली होती ती तिच्यासाठी, तिला घरी पोचवायचं म्हणून. पुढे बऱ्याच वर्षांनी कठोपनिषद वाचताना "आत्मानं रथिनं विद्धि" आलं आणि माझ्या डोळ्यांसमोर धनुर्धारी अर्जुन वगैरे आला नाही, पोत्याला टेकलेली आजी आली.

त्या श्लोकाच्या लगेच पुढचा श्लोक मात्र कीर्तन-प्रवचनांत कमी ऐकू येतो. त्यात म्हटलंय, इंद्रियं आणि मन यांच्याशी जोडलेल्या आत्म्याला जाणते लोक भोक्ता म्हणतात. जोडलेल्या, हा शब्द महत्त्वाचा. गाडी खड्ड्यात गेली तर धक्का आजीलाही बसतो, कारण ती गाडीत बसलीय. मी दुःखी, मी कंटाळलो, मी भरकटलो, यातलं दुःख, कंटाळा आणि भरकटणं मनाचं. "मी" तेवढा गाडीत बसलेल्याचा.

आजीच्याच देवघरातली गोष्ट सांगतो. तिथे बोटाच्या पेराएवढा एक स्फटिकाचा गणपती होता. पाण्यासारखा पारदर्शक. आजी त्याच्याशेजारी जास्वंदीचं फूल ठेवायची आणि गणपती लालभडक दिसायला लागायचा. मला वाटलं, फुलाचा रंग लागला. म्हणून मी तो ओल्या फडक्याने पुसला. जागेवर ठेवला, परत लाल. पुन्हा पुसला. आजीने पाहिलं, हसली, आणि फूल उचलून बाजूला धरलं. गणपती कोराच्या कोरा. वेदान्ती पंडित मन आणि आत्मा समजावताना नेमका हाच दाखला देतात, स्फटिक आणि जास्वंद, हे मला कॉलेजात कळलं. तोवर माझं फडकं घासून झालेलं होतं. खरं सांगायचं तर अजूनही अधूनमधून मी तेच करतो. मनाला जे लागलंय ते आत्म्यावरून पुसायला जातो. आणि फुलावर रागावण्यातही अर्थ नाही. जास्वंद लालच असणार.

आता तुम्ही म्हणाल, हे दाखले ठीक आहेत, पण बसलं की मन पळतं त्याचं काय? अर्जुनाचीही हीच तक्रार होती, गीतेच्या सहाव्या अध्यायात. मन चंचल आहे, त्याला आवरणं म्हणजे वाऱ्याला आवरणं. ज्ञानेश्वर महाराजांनी अर्जुनाच्या तोंडी जी ओवी घातलीय ती ऐका:

"हें मन कैसें केवढें । ऐसें पाहों म्हणों तरी न सांपडे । एऱ्हवीं राहाटावया थोडें । त्रैलोक्य यया ॥"

पाहायला जावं तर सापडत नाही, आणि हिंडायला तिन्ही लोक पुरत नाहीत. आमच्यासारख्यांच्या मनातलंच बोलले. मी एकदा नेवाशाला गेलो होतो. शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते गाव, प्रवरेच्या काठी. ज्या खांबाला टेकून ती सांगितली म्हणतात, त्या पैस खांबासमोर हात जोडून उभा राहिलो. जन्मभराची इच्छा होती. आणि मनात काय होतं? परतीची एसटी किती वाजता आहे, आणि ती चुकली तर काय.

पण गंमत पुढे आहे. कृष्ण उत्तर देतो, अभ्यास आणि वैराग्य. हे दोन्ही शब्द जड. ज्ञानेश्वर महाराज ते सोपे कसे करतात पाहा:

"कां जे यया मनाचें एक निकें । जें देखिले गोडीचिया ठाया सोके । म्हणौनि अनुभवसुखचि कवतिकें । दावीत जाइजे ॥"

या मनाची एक गोष्ट चांगली आहे. जिथे गोडी पाहिली तिथे ते सोकावतं. हा "सोके" शब्द बघा. आपण अजून वापरतो, पण कशासाठी? सोकावलेलं मांजर, सोकावलेला पोर. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो." मराठीत सोकावणं हा दुर्गुण आहे. आणि महाराज म्हणतात, मनाचं हेच तर "निकें" आहे, चांगलं आहे! ज्या खोडीमुळे ते भलतीकडे जातं, त्याच खोडीने ते घरीही येईल. त्याला आत्मसुखाची चव दाखवा. तीही "कवतिकें", कौतुकाने, लहान मुलाला चांदोबा दाखवावा तशी. आणि "दावीत जाइजे", एकदा दाखवून भागत नाही, दाखवत राहायचं. समर्थ रामदासांनी 205 श्लोक या मनालाच उद्देशून रचले आणि दुसऱ्याच श्लोकात त्याला "सज्जना" म्हणून हाक मारली, तेही याच जातीचं शहाणपण. शिव्या घातलेलं मूल घरी लवकर येत नाही.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे परत येऊ. "माझं मन दुसरीकडे होतं." हे कळलं कुणाला? मनाला म्हणावं, तर ते इथे नव्हतंच. मेंदूचा अभ्यास करणारे याचं निराळं उत्तर देतील, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण जपाला बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न पुस्तकातून पडत नाही, बोटातून पडतो. माळ चालू असते. अंगठा आणि मधलं बोट, एकशेआठ मणी. वीस-पंचवीस मणी नामात जातात, पुढे सिलिंडर कधी लावला, लाइटबिल भरलं का, अमक्याने लग्नात ओळख कशी दाखवली नाही, आणि एकदम बोटाला मेरुमणी लागतो. मधले ऐंशी मणी ओढले गेले, नाम कुठेच नाही. त्या क्षणी बहुतेक लोक स्वतःवर चिडतात. मला वाटतं, त्या क्षणाइतका मोलाचा क्षण सबंध माळेत नसतो. मन गेलं होतं, हे ज्याच्या उजेडात दिसलं, तो कुठे गेलेला नव्हता. ते ऐंशी मणी तो इथेच बसून होता.

आजी पहाटे गोमुखीत हात घालून जप करायची. मी शेजारी अभ्यासाला. एकदा जप चालू असतानाच मध्येच तिने विचारलं, "दूध उतू गेलं का रे?" मला ती पकडल्याचा आनंद झाला. म्हटलं, "आजी, तुझं लक्ष जपात नाहीये."

"गेलं होतं," ती म्हणाली. "आलं." आणि गोमुखीच्या आत बोटाने पुढचा मणी ओढला.

नमस्कार.