वेचणीच्या दिवसांतली संध्याकाळची प्रार्थना

(दृश्य : दिवेलागण. अंगणात कापसाची गाठोडी, आडव्या बल्लीला टांगलेला काटा.)

नोव्हेंबर महिना. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, फुटली आहे, वेचणी जोरात आहे. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या ख्रिस्ती शेतकरी घरांत कौटुंबिक प्रार्थना खंडते ती याच दिवसांत. अंग थकलेलं असतं, जेवण झालं की डोळे मिटतात. म्हणून ती जेवणाआधीच घ्यावी, तवा चढण्याच्या अगोदर, आणि पंधरा मिनिटांत आटोपेल एवढीच.

आधी गीताची दोन कडवी. मग बायबलचं वचन : दहा-बारा ओळी, काल जिथं थांबलो तिथून पुढं. उघडेल ते पान वाचायची सवय लागली, की घर बायबलच्या मधोमध असलेल्या स्तोत्रसंहितेच्या बाहेर पडतच नाही. वाचायला लेकराला द्यावं, अडखळलं तरी चालेल. नंतर एकानं उपकार मानावे, एकानं मागणं करावं, आजाऱ्यांची नावं घ्यावी आणि प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणावी.

बिघडतं ते वडीलधाऱ्यांच्या लांबलेल्या प्रार्थनेत. "प्रभू, आमच्या सुनेला समज दे," असं डोळे मिटून म्हटलं, तर ते देवापेक्षा चुलीजवळ पदर घेऊन बसलेल्या सुनेलाच ऐकवलेलं असतं. तिला सांगायचं ते प्रार्थनेआधी, तोंडासमोर, नीट शब्दांत सांगावं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, की वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी समेट कर. वेचणीच्या दिवसांत असं आठवण्यासारखं बरंच काही काट्यापाशी घडत असतं.

(दृश्य : काट्याच्या हुकाला लागलेलं गाठोडं. वही आणि पेन धरलेला हात.)

मजुरी किलोवर ठरते. 30 किलो 300 ग्रॅम भरलं, तर वहीत 30 लिहायचं, अशी रीत पडून गेलेली असते. दहा बायांचे दिवसाला 3 किलो होतात. दहा दिवसांत 30 किलो, म्हणजे एका बाईची दिवसभराची वेचणी फुकटात. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात खऱ्या तराजूची आणि खऱ्या वजनांची आज्ञा आहे. हे 300 ग्रॅम तिथंच मोडतात. गाठोड्याचं फडकं सकाळी रिकामं असतानाच तोलून मांडावं, अंदाजानं किलोभर कापू नये. सकाळचं दहिवर (दव) वाळायच्या आत वेचलेला कापूस जड भरतो, गंजीत गरम होऊन पिवळा पडतो. मग मालक ओलीचं वजन डोळ्यांनीच ठरवून कापतो आणि तंटा होतो. नऊ-दहा वाजेपर्यंत, पऱ्हाटी सुकेस्तोवर थांबलं, तर तो वादच उरत नाही.

हिशेब बाजाराच्या दिवशी होतो. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा 24वा अध्याय याहून कडक आहे : मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत. आठवड्यानं द्यायचं दोघांच्या राजीनं ठरलं असेल, तर तो करार आहे. बाजार उलटून गेला आणि व्यापाऱ्याकडून पैसे यायचेच आहेत असं सांगत राहिलो, तर करार मोडला. व्यापाऱ्याची उधारी मजुरावर लोटू नये. निदान बाजारापुरते पैसे घरातून काढून द्यावे आणि उरलेल्याची तारीख वहीत तिच्यासमोर लिहावी. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड," असं आपण रोज म्हणतो. थकलेली मजुरी या मागण्यात बसत नाही, ती आपल्याला फेडायची आहे.

(दृश्य : शेवटच्या वेच्यानंतरचं शेत. बोंडांत अडकलेली कवडी, म्हणजे उरलासुरला कापूस.)

बायबलमधली रूथ बवाजाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागं राहिलेलं धान्य, वेचायला गेली. हा शब्द इथल्या शेतात अजून जिवंत आहे. लेवीयच्या त्याच अध्यायात सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायला सांगितलं आहे. कापसात मात्र शेत फार दिवस उभं ठेवता येत नाही, गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. म्हणून शेवटच्या वेच्यानंतर दोन दिवस नेमून द्यावे, वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना आधी निरोप द्यावा : कवडी तुमची, सरपणापुरत्या पऱ्हाट्याही तुमच्या. तिसऱ्या दिवशी शेत उपटायला घ्यावं.