दहा फूट, पाठीशी ऊन

[पडद्यावर: बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणावरचं चित्र अर्धं गंजलेलं.]

हा डबा आमच्याकडे तीनदा भंगारात निघता निघता राहिला. आत निगेटिव्हच्या गुंडाळ्या आहेत, काळ्या पानांचा एक अल्बम आहे आणि एक एकरेघी वही.

डबा अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे आजोबा. परळच्या एका गिरणीच्या ऑफिसात कारकून, बिऱ्हाड लालबागच्या चाळीत, दीड खोलीत. फोटो काढणं हा त्यांचा धंदा नव्हता आणि ती आपली कला आहे असंही ते कधी म्हणाले नाहीत. रविवारी कुणी पत्ते खेळतं, कुणी भजनाला जातं. अण्णा फोटो काढत.

[पडद्यावर: काळा बॉक्स कॅमेरा, टेबलावर.]

हा त्यांचा पहिला कॅमेरा. नाव बॉक्स आणि दिसायलाही बॉक्सच. पुढे एक भिंग, बाजूला चावी, मागे छोटी गोल लाल खिडकी. चावी फिरवली की खिडकीतून फिल्मच्या कागदावरचा आकडा सरकत येतो. एक, दोन, तीन. आठवर रोल संपला. आठ फोटोंत अण्णांचा महिना जायचा, कधी दोन महिने.

हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा आणि वरच्या इवल्याशा काचेत खाली मान घालून बघायचं. त्या काचेत डावं ते उजवं दिसतं. त्यामुळे अण्णा 'डावीकडे सरका' म्हणाले की माणसं फ्रेमच्या बाहेर जायची. मग आरडाओरडा. अल्बममध्ये कितीतरी फोटोंत एक खांदा आणि अर्धा कान एवढाच पाहुणा आहे.

वहीच्या पहिल्या पानावर, लाल पेन्सिलीनं: 'दहा फूट. पाठीशी ऊन.'

त्यांचं सगळं शास्त्र एवढंच. भिंग स्थिर, त्यामुळे माणूस दहा फुटांच्या अलीकडे आला की धूसर. आणि शटर एकाच वेगाचं, सेकंदाचा तिसावा-चाळिसावा भाग उघडणार. तेवढ्यात फिल्मवर काही उमटायचं तर लख्ख ऊन हवं, आणि ते फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून, म्हणजे समोरच्याच्या थेट तोंडावर.

[पडद्यावर: एकामागून एक फोटो. प्रत्येकात माणसं डोळे बारीक करून उभी.]

आमचं सगळं घराणं असं डोळे मिचकावत उभं आहे. मी लहानपणी समजत होते की आमच्याकडे सगळ्यांनाच चष्मा लागलेला असणार. आत्या हसते. म्हणते, "अगं, डोळे उघड म्हणून ओरडायचे, आणि सूर्य नेमका नाकासमोर."

सकाळ-संध्याकाळच्या फोटोंत आणखी एक गोष्ट आहे. खाली, पायांपाशी बघा. लांबलेली सावली. मान खाली, दोन्ही कोपरं बाहेर. आत्याच्या मते पूजा सांगायला बसलेल्या भटजींसारखी. अख्ख्या डब्यात अण्णा दिसतात ते एवढेच.

फोटो आहेत पत्त्याच्या पानाएवढे. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापायचे, मोठे करायला पैसे जास्त पडत. रोल स्टुडिओत धुवायला टाकायचा, आठवड्यानं आणायचा. मग कातर कडांचे ते कागद घरी चार कोपऱ्यांत अडकवायचे, वर बटर पेपर. हे काम अण्णा दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

आता या अल्बममध्ये काय नाही ते सांगते. आमची खोली नाही.

चाळीची गॅलरी आहे. गच्ची आहे, गच्चीवर वाळत घातलेले पापड आहेत, पापडांना राखण बसलेली आत्या आहे, हातात काठी. नळावरची रांग आहे. चौकातला गणपती आहे, तोही विसर्जनाला दुपारी बाहेर काढल्यावरचा. पण ज्या खोलीत आठ माणसं जेवली, भांडली, आजारी पडली, झोपली, तिचा एकही फोटो नाही. खोलीत ऊन येत नव्हतं. शटर उघडं धरून फोटो घ्यायची सोय या डब्याला होती, पण मग कॅमेरा कशावर तरी टेकवायचा आणि समोरच्यानं तेवढा वेळ दगडासारखं बसायचं. आमच्या घरात तसं कोण बसणार?

त्यामुळे माझी आजी चुलीपुढे कुठेच नाही. चाळीस वर्षं जिचा दिवस त्या चार फुटांत गेला, ती अल्बममध्ये सगळीकडे हवा खायला निघाल्यासारखी उभी आहे, नऊवारीचा पदर नीट घेऊन, गच्चीवर. मला हे खुपतं. अण्णांनाही खुपत असावं, कारण वहीत एका ओळीत आहे: 'खोलीत प्रयत्न. वाया.'

'वाया' हा त्यांचा शब्द. प्रत्येक फोटोपुढे रोलचा आकडा, फोटोचा आकडा, जागा, उजेड, आणि बिघडला असेल तर 'वाया'. वाया गेलेले फोटो अल्बममध्ये नाहीत. ते सगळे निगेटिव्हमध्येच राहिले, आणि आमचा खरा खजिना तोच निघाला.

[पडद्यावर: समुद्र, बोटीचा कठडा, खाली होडी. हळू हळू जवळ.]

मे महिन्यात मालवण. आगगाडी नव्हतीच. कोकण रेल्वे धावायला लागली तेव्हा अण्णांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. भाऊच्या धक्क्यावरून बोट, डेकवर वळकट्या अंथरून. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून मिरगाच्या आत परतायचं. आजीला बोट लागायची, ती निघाल्यापासून उतरेपर्यंत लिंबू हुंगत पडलेली. अण्णा मात्र कठड्यापाशी.

मोठी बोट किनाऱ्याला लागत नसे. समुद्रातच उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव येत. ट्रंका, पोरं, म्हाताऱ्या, फणसांची पोती सगळं हातावरून खाली. हा फोटो त्याचा आहे. वरून घेतलेला, दहा फुटांचा नियम मोडून, सगळा किंचित तिरका. पडावातून वर आलेले हात, आणि त्यांच्याकडे सोडलेलं एक बाळ, मधल्या मध्ये, कुणाच्याच हातात नसल्यासारखं. वहीत: 'बोट. हाललं. वाया.'

त्या बाळाचं पुढे काय झालं असं मला प्रत्येक जण विचारतो. अहो, घेतलं असेल कुणीतरी! रोजचंच काम होतं ते त्यांचं.

[पडद्यावर: दुहेरी छाप उमटलेला फोटो.]

आणि हा. बॉक्स कॅमेऱ्यात चावी फिरवायला विसरलात तरी शटर पडतं, एकाच तुकड्यावर दोन फोटो. इथं मालवणचं बंदर आहे आणि त्याच्यावर लालबागची गच्ची. बोट पापडांतून चालली आहे. मी हा भिंतीवर लावलाय. अण्णांचा शेरा सांगायला नको.

पुढे घरात अॅग्फाचा क्लिक थ्री आला, चौकोनी फोटो, एका रोलला बारा. मग रंगीत. ते रंगीत फोटो आता सगळे लालसर पडलेत, लग्नातल्या सगळ्यांना कावीळ आणि गोवर एकदम झाल्यासारखे. त्यांच्यापाशी मी फार रेंगाळत नाही.

[पडद्यावर: वहीचं पान. बोट एका ओळीवर.]

या ओळीपाशी मात्र थांबू. 'रोल ३१. फोटो ७. ट्राम, शेवटची. रात्र. येणार नाही.'

मुंबईत ट्राम सुरू झाली १८७४ साली, घोड्यांची. १९०७ पासून विजेची. आणि ३१ मार्च १९६४, मंगळवारी रात्री, बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम सुटली. गच्च भरून. अण्णा त्याच ट्रामनं वर्षानुवर्षं फिरले होते. त्या रात्री ते आत्याला घेऊन रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

मी आत्याला विचारलं, काय आठवतं? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "झोप आली होती गं. बाकी काही नाही."

एक गोष्ट ध्यानात घ्या. बाकी सगळीकडे 'वाया' आहे, म्हणजे रोल धुऊन आल्यावर लिहिलेलं. इथं 'येणार नाही' आहे. फोटो काढण्याआधी, किंवा काढता काढता, त्यांना ठाऊक होतं. ज्या माणसानं आठाच्या रोलमध्ये महिना काढला, त्यानं जाणूनबुजून एक फोटो अंधारात घातला. एक नाही, दोन. खालच्या ओळीत: 'फोटो ८. तीच. येणार नाही.'

निगेटिव्ह साठ वर्षं गुंडाळलेली होती. आठवडाभर जाड शब्दकोशाखाली दाबून सपाट केली. उजेड न पडलेली फिल्म धुतल्यावर काचेसारखी पारदर्शक होते, तशीच होती. नुसत्या डोळ्यांना काही दिसेना. स्कॅनरवर ठेवून उजेड वाढवत नेला.

[पडद्यावर: काळा चौकोन. कडेला दाणेदार करडेपणा.]

सातव्या फोटोत, मधोमध, हे ठिपके. एका ओळीत सहा. बहुधा आतले दिवे.

मग अण्णांनी चावी फिरवली असणार. लाल खिडकीतला आकडा रात्री दिसत नाही, त्यामुळे अंदाजानं फिरवली आणि कमी पडली. आठवा फोटो सातव्याच्या कडेवर चढलाय, बोटभर. त्यातही ठिपके आहेत. सहाच. आधीपेक्षा लहान, आणि एकमेकांच्या अगदी जवळ.