साधं का प्रीमियम? एसयूव्हीच्या टाकीतला 95 चा आकडा

(दृश्य: शिरवळजवळचा पेट्रोल पंप. भरलेली एसयूव्ही, टपावर बांधलेलं सामान.)

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली गाडी. आत सात माणसं, पुढे खंबाटकीचा चढ. पंपावरचा मुलगा विचारतो, "साधं का प्रीमियम?" मालक क्षणभर थांबतो. घाट आहे, गाडी भरलेली आहे, एवढे लाख घालून घेतलेली आहे. लिटरमागे सात-आठ रुपयांचं काय घेऊन बसायचं? "प्रीमियम टाक."

गाडीवरच्या मायेपोटी घेतलेला हा निर्णय. त्या मायेचा किती भाग इंजिनापर्यंत पोचतो, ते आज पाहू.

(दृश्य: सिलिंडरच्या आतली हालचाल, ॲनिमेशन.)

ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल जास्त ताकदीचं, असं आपल्याकडे सर्रास मानतात. मुळात ऑक्टेन हे ताकदीचं मापच नाही. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसरीकडे पसरत जाते. दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्योत पोचण्याआधीच कडेचं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. चढावर वरच्या गिअरमध्येच गाडी रेटत नेली की बॉनेटखालून जी टकटक ऐकू येते, ती ही. तो दाब पेट्रोल न भडकता किती सोसतं, एवढंच ऑक्टेनचा आकडा सांगतो.

तो मोजायला प्रयोगशाळेत एकाच सिलिंडरचं खास इंजिन असतं, त्यातला दाब इंजिन चालू असताना कमी-जास्त करता येतो. आयसो-ऑक्टेन या द्रवाला 100 गुण, हेप्टेनला शून्य. 95 भाग आयसो-ऑक्टेन आणि 5 भाग हेप्टेन यांचं मिश्रण जितकं नॉकिंग रोखतं, तितकं रोखणारं पेट्रोल 95 चं. ॲव्हरेज आणि पिकअप या मोजणीत कुठेच येत नाहीत.

(दृश्य: झाकणावरचं 'ई-20' चं स्टिकर.)

आता मुख्य मुद्दा, जो पंपावर कोणी सांगत नाही. आपल्या देशात साधं पेट्रोल एकेकाळी 88 ऑक्टेनचं होतं, पुढे 91 चं झालं. प्रीमियमचे 95 आणि साध्याचे 91, हा चार गुणांचा फरक तेव्हा खरा होता. मग इथेनॉल आलं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन 108 च्या आसपास. वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर (हेच ई-20) साधं पेट्रोलही 95 वर पोचलं, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच 2025 च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण वरचे पैसे मोजत होतो, तो आकडा आता साध्या नळीतूनही येतो.

"पण प्रीमियममध्ये इथेनॉल नसतं ना?" हा प्रश्न हमखास येतो. 95 च्या प्रीमियममध्येही इथेनॉल असतं. आणि लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात ई-20 मुळे जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, असा अंदाज आहे. ही घट 95 चं प्रीमियम टाकून भरून निघत नाही. जुन्या एसयूव्हीच्या मालकांनी हे नीट ध्यानात घ्यावं, कारण ॲव्हरेज पडलं म्हणून प्रीमियमकडे वळणारे बहुतेक तेच.

मग प्रीमियममध्ये जास्तीचं उरतं काय? मुख्यतः इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरची काजळी धुणारी रसायनं. ती उपयोगी आहेत, यात वाद नाही. मात्र डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही. तिथे इंजेक्टर स्वच्छ राहतील, व्हॉल्व्ह धुतले जाणार नाहीत. अलीकडच्या बऱ्याच टर्बो पेट्रोल एसयूव्ही याच प्रकारातल्या.

(दृश्य: डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवलेली गाडी.)

अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संघटनेने 2017 मध्ये, कंपनी ज्यांना प्रीमियम सुचवते पण सक्ती करत नाही, अशा गाड्या तपासल्या. ॲव्हरेज सरासरी 2.7 टक्के वाढलं, ताकद 1.4 टक्के. ॲव्हरेजचा सर्वांत जास्त फायदा कॅडिलॅक एस्कलेड या अवाढव्य एसयूव्हीला झाला, 7.1 टक्के. आता आपला हिशेब मांडू. साधं 104 रुपये, प्रीमियम 112 धरलं, तर नुसते पैसे वसूल व्हायला ॲव्हरेज 7.7 टक्के वाढायला हवं. एस्कलेडचाही तोटाच.

काही गाड्यांचं गणित मात्र वेगळं. टर्बो इंजिनात हवा आधीच दाबून भरलेली असते, म्हणून नॉकिंगची भीती जास्त. नॉक सेन्सरला टकटक जाणवली की संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो. इंजिन वाचतं, पण गाडी मंदावते आणि पेट्रोल जास्त पिते. म्हणून टाकीच्या झाकणाच्या आत बघा. तिथे किंवा मॅन्युअलमध्ये 'किमान 98' लिहिलं असेल, तर 95 च्या प्रीमियमनेही भागत नाही. 100 ऑक्टेनचं शोधावं लागतं आणि तिथे काटकसर करू नये. आकडा 95 किंवा 91 असेल, तर खंबाटकीसाठी गिअर वेळेवर खाली घेणं आणि टायरमध्ये भरलेल्या वजनाला साजेशी हवा असणं हाच चांगला उपाय.

डिझेलवाल्यांना ऑक्टेनशी कर्तव्यच नाही. त्यांचं माप सीटेन, म्हणजे डिझेल किती चटकन पेट घेतं ते सांगणारा आकडा, आणि बीएस-6 या प्रदूषण-नियमांतल्या साध्या डिझेललाही किमान 51 सीटेनची अट आहे.

तरीही स्वतःच्या गाडीवर पारख करायची असेल, तर पंप एकच ठेवा, रस्ता तोच ठेवा. नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहून ठेवा. आधी काही टाक्या साध्या पेट्रोलच्या, मग तितक्याच प्रीमियमच्या. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका, बिलावरचे लिटर धरा. साध्यावर बाराचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीने प्रीमियमवर जवळपास तेरा दिलं, तर तुमच्या गाडीसाठी ते परवडतं.