डिझेल इंजिनाला रबर बँड

मंडळी, टेबलावर ही चादर अंथरलेली दिसते ती सजावट नाही. तिचं काम शेवटी आहे. पत्रिकेत विषय छापलाय, 'जुन्या मॉडेल डिझेल इंजिनाचा जीर्णोद्धार'. मी 'दुरुस्ती' असं लिहून दिलं होतं. जीर्णोद्धार देवळांचा करतात, आणि आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की सगळ्यात आधी ऑइलपेंटचा डबा येतो. माझं भांडण त्या डब्याशीच आहे.

समोर निम्मे लोक रेल्वेतून रिटायर झालेले बसलेत, त्यांना मी डिझेल शिकवणं म्हणजे अवघडच. पण नातवंडं आलीत, त्यांच्यापुरतं सांगतो. रेल्वेच्या बहुतेक डिझेल इंजिनांत डिझेल थेट चाकं फिरवत नाही. डिझेलवर जनरेटर फिरतो, त्याची वीज खाली मोटारींना जाते, आणि त्या मोटारी चाकं फिरवतात. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाला सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, आणि सहा आसांना सहा मोटारी. तेव्हा खेळण्यातलं डिझेल विजेवर चालतं म्हणून त्याला कुणी खोटं म्हणू नये. खऱ्याचीही चाकं विजेवरच फिरतात. खऱ्यात रबर बँड नसतो, एवढाच फरक.

तर हे इंजिन. अमेरिकेतल्या एफ-७ या डिझेलची प्रतिकृती. खरं एफ-७ १९४९ ते १९५३ या काळात बनलं, १५०० अश्वशक्तीचं. हे त्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं, ज्याला एचओ म्हणतात. लांबी पावणेअठरा सेंटिमीटर, दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅथर्न कंपनीचं. जाता जाता सांगतो, आपली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी होती, ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागा, पावणेनऊ येतात. बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात! कुर्डुवाडी ते बार्शी घरातल्या माळ्यावर मांडता येईल. हे मी तीस वर्षं लोकांना सांगतोय. ऐकून घेतात, चहा पितात, जातात.

माझा मामा बोटीवर होता. १९६८ च्या दिवाळीत तो हा खोका घेऊन मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आला. आत लाल नाकाचं, चंदेरी अंगाचं इंजिन, रुळांचं एक कडं, आणि वीज देणारा काळा डबा. मी नऊ वर्षांचा. गल्लीतली वीस-पंचवीस पोरं ओसरीवर. डब्याची पिन आपल्या सॉकेटात जाईना. मामानं पिन तोडली, दोन वायरी सोलल्या आणि काडेपेटीच्या काड्या ठोकून सॉकेटात बसवल्या. हसू नका, तुमच्यातल्या प्रत्येकानं ते केलंय. आता, अमेरिकेत घरात वीज येते १२० व्होल्टची. आपल्याकडे २३०. इंजिन सुटलं! अडीच फूट गेलं असेल. मग डब्यातून आधी गुणगुण आली, मग वास, मग धूर. आजी आतून ओरडली, "अनारसे जळले का गं?" मामा शांतपणे म्हणाला, "डिझेल आहे, धूर यायचाच."

मूळ डबा गेला तो गेलाच. पुढं मी वर्तमानपत्राच्या सुरळीत टॉर्चचे आठ सेल घालून बारा व्होल्ट करायचो आणि वडिलांचा मार खायचो. त्याच नादानं पुढं गिरणीत वायरमन झालो. खोका माळ्यावर गेला तो रिटायर झाल्यावर खाली आला.

आता माझं दुखणं. खोका उघडला तर इंजिनाच्या नाकावर ओरखडा, पोटाशी आमच्या धाकट्यानं दातानं चावल्याची खूण. मला वाटलं, आधी रूप सुधारू. आमच्या भागात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे एक मिस्त्री आहेत, नाव घेत नाही, माणूस कारागीर. मी त्यांना वरचं प्लास्टिकचं कवच दिलं आणि म्हणालो, "नव्यासारखं करा." चूक इथं झाली, आणि ती माझी. त्यांनी थिनरनं पुसलं. हे कवच पॉलिस्टायरिनचं असतं, थिनर त्याला खातो. बाजूच्या बारीक जाळ्या मऊ होऊन बसल्या. त्यावर त्यांनी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, आणि वर दोन हात चंदेरी डुको, मोटारीचा रंग. लाल नाक गेलं, पिवळ्या-काळ्या रेघा गेल्या, सांता फे रेल्वेचं नाव गेलं, दातांची खूणसुद्धा गेली. आठव्या दिवशी हातात दिलं तेव्हा चकाकत होतं, शोरूममधून निघालेल्या मोटारीसारखं. वर पैसे घेईनात. म्हणाले, "दादा, पोरांचं खेळणं, त्याचे काय घ्यायचे!" अशा माणसावर रागावता येत नाही हो. मी घरी आलो आणि दोन दिवस जेवलो नाही. बायको म्हणाली, चांगलं तर दिसतंय.

बरं, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं म्हणतात. मुख्य विषय राहिलाच.

भराभर सांगतो. आधी वीज लावायची नाही, हातानं चाक फिरवून बघायचं. जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं झालेलं असतं, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढायचं. मोटारीच्या फिरत्या भागावरचा तांब्याचा गोल, म्हणजे कम्युटेटर, त्याच अल्कोहोलच्या कापडानं पुसायचा, पॉलिश पेपर लावायचा नाही. त्याला टेकून वीज देणारे कार्बन झिजलेत का ते बघायचं. चाकांवरचा काळा थर काढायचा, कारण वीज रुळातून चाकावाटेच वर येते. आसांना शिलाई मशीनचं तेल, सुईच्या टोकावर राहील एवढंच. खोबरेल नको, थंडीत ते थिजतं.

आणि रबर बँड. एफ-७ मध्ये अ‍ॅथर्ननं मोटारीचा दांडा लांब ठेवला आणि त्यावरून प्रत्येक आसाला रबर बँड लावला. गिरणीत काम केलेल्यांना चित्र लगेच दिसेल: वर एक लाइनशाफ्ट, खाली पट्ट्यावर फिरणारे माग. तेच तत्त्व. रबर पन्नास वर्षांत कुरकुरीत होऊन तुटणारच. मी नव्या पेठेत टिकल्या-पिनांच्या गाडीवर मुलींच्या केसांचे बारीक रबर घेतले. गाडीवाली बाई माझ्या डोक्याकडे बघत होती. बँड घट्ट झाला तर मोटार तापते, ढिला झाला तर घसरतो. मल्टिमीटर लावून ज्या बँडला करंट सगळ्यात कमी लागेल तो ठेवायचा.

आणि म्हणायचं ते एवढंच की चालू करा, नवं करू नका. मी बदललेला बँड उद्या माझी नात काढून दुसरा लावू शकते, मी पुसलेलं तेल पुन्हा घालता येतं. पण थिनरनं गेलेली जाळी परत येत नाही. अल्कोहोलमध्ये बुडवून डुको काढता येईल असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. पण खाली आता मूळ रंगच नाही, काढून काय बघू? म्हणून ते चंदेरीच ठेवलंय. जुने तुटलेले बँड आणि धाकट्याचा एक दुधाचा दात मात्र डबीत जपून आहेत.

चिठ्ठी आली. चालवून दाखवतो आणि थांबतो. मागच्या रांगेतल्यांनी पुढं या, लांबून दिसणार नाही. रबर बँडच्या इंजिनाला हळू सुटणं माहीत नाही, बुजलेल्या बैलासारखं निघतं. मागच्या खेपेला टेबलावरून थेट अध्यक्षांच्या मांडीवर गेलं होतं. तेव्हा कुणीतरी चादरीचं ते टोक रुळाच्या शेवटी आणा. दुहेरी नको, चौपदरी घडी घाला. हां. हात काढा. सोडतो.