चेंबरचा नट

मंडळी, उद्यमबागेमुळे आपल्या बेळगावात घरटी एखादा तरी लेथवर उभा राहिलेला असतो. त्यामुळे आटे जाणं म्हणजे काय, हे इथं कुणाला समजावायला नको.

माझी पेट्रोल गाडी सर्व्हिसिंग होऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर शहाबादी फरशीवर ताटलीएवढा डाग. बोट लावलं, तर ऑइल मधाच्या रंगाचं, म्हणजे कालच भरलेलं. खाली झोपून चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, ड्रेन नट पाहिला. आवळायला जावं तर पठ्ठ्या नुसताच फिरतोय. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा, नट लोखंडी. तो तिरका धरून हवेच्या गनने दाबला की जीव जातो तो चेंबरच्या आट्यांचा.

गॅरेजमध्ये फोन केला. "काका, ते आधीपासूनच खराब असणार. पण पाठवून द्या, फुकटात करून देतो."

खरं सांगतो, मी किल्ली घेऊन उठलो होतो. तुम्हीही उठला असता. आपला माणूस आहे, फुकट म्हणतोय, कशाला तंटा? पण तुमचा पुरावा त्या गाडीतच असतो, आणि ती त्यांच्याच हाती दिली की जुना चेंबर भंगारात जातो. मग आधी काय होतं न् नंतर काय झालं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून गाडी चालू केलीच नाही. चोर्ल्याच्या घाटात ऑइल संपून लाल दिवा लागला असता आणि मी तशीच पुढे दामटली असती, तर जाम झालेल्या इंजिनाचा दोष माझ्याच माथी आला असता. शिवाय विम्यावाल्यांकडे जायची सोय नाही. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही. मी डागाचे, किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढले, नट फिरतानाचा व्हिडिओ केला. गॅरेजला लेखी कळवलं की अमुक दिवशी दुसऱ्या वर्कशॉपमध्ये चेंबर उतरवतोय, हजर राहा. कुणी आलं नाही. वर्कशॉपवाल्याकडून लेटरहेडवर कारण लिहून घेतलं आणि चेंबर, नट दोन्ही पिशवीत घालून घरी आणले.

जॉब कार्डावर खाली बारीक अक्षरात 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' असं असतं. ती ओळ वाचून निम्मे लोक पायरीवरूनच परत फिरतात. फिरू नका. १८७२ च्या करार कायद्यात कलम १५१ आहे: दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूला जपेल तसं तिला जपायचं. आणि बिल मागून घ्या हो! बिल न देणं हीच ग्राहक कायद्यात अनुचित प्रथा आहे, आणि आपणच जीएसटी वाचवायला "बिल नको" म्हणतो.

आता आपल्या भागाचं. निपाणीची माणसं सर्व्हिसिंगला सर्रास कोल्हापूरला जातात. १९८६ च्या ग्राहक कायद्यात तक्रारीला बहुधा तिकडंच हेलपाटे घालावे लागत. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तुमच्या चेंबरचा मात्र बेळगावातच चालेल. मुदत दोन वर्षं. तक्रारीची फी ठरवताना मोजतात ती तुम्ही सेवेला दिलेली रक्कम, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. टॅक्सी चालवून पोट भरणाराही ग्राहकच. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरावर फोन करून बघा, तिथं मराठीतून बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, पण कंपनीच्या गॅरेजांना वरून हलवतात.

माझं प्रकरण आयोगापर्यंत गेलंच नाही. फोटो आणि लेटरहेडची प्रत जोडून स्पीड पोस्टाने नोटीस धाडली, पंधरा दिवसांची मुदत दिली. नवव्या दिवशी फोन आला, आवाज एकदम मऊ. नवा चेंबर, ऑइल, मजुरी, सगळे पैसे आले. मालक वाईट नव्हता. पोरगं नवीन होतं, गन हातात आली की हात थांबत नाही.

हा बघा तो नट. हातोहात मागपर्यंत जाऊ द्या. आट्यांत चांदीसारखा कीस अडकलाय तो चेंबरचा. बघून झाला की परत मात्र माझ्याकडे द्या.